बेसला कॅबचा आयआर: गरज की गिटारवाल्यांचं खूळ?

तळसूर:
काल एकाने ठोकून दिलं, 'बेसला कॅब आयआर म्हणजे गिटारवाल्यांची नक्कल. डीआय घ्या, 5 किलोहर्ट्झच्या वरचं कापा, विषय संपला.' वाक्य डोक्यात गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय. (नवख्यांसाठी: कॅब म्हणजे स्पीकरची पेटी, आयआर म्हणजे ती पेटी आणि तिच्यासमोरचा माइक यांच्या आवाजाची डिजिटल छाप, डीआय म्हणजे स्पीकर-माइक टाळून सरळ घेतलेला बेसचा सिग्नल.)

अहो, कॅब म्हणजे नुसता हाय कट असतो का? 8x10 चा (दहा इंची आठ स्पीकरच्या कॅबचा) कुठलाही आयआर अ‍ॅनालायझरमध्ये उघडून बघा, मिड्समध्ये (मधल्या पट्टीत) चढउतार आणि खाचा अशा की मोजता येणार नाहीत. आठ स्पीकर, प्रत्येकाचं माइकपासूनचं अंतर वेगळं, त्यांचे आवाज एकमेकांना कुठे वाढवतात कुठे खातात, ते एका फिल्टरने कसं येणार? आणि डिस्टॉर्शन लावून नुसता डीआय ऐकलाय कधी? डबड्यात माशी अडकल्यासारखा वाजतो.

निवडताना दोनच गोष्टी बघा. सगळे आयआर सारख्या लेव्हलला आणून ऐका, नाहीतर जो 2 डीबीने मोठा तोच भारी वाटतो. आणि ड्रम्स चालू ठेवून ऐका. एकट्यात जाडजूड वाटलेला आयआर किक आली की गायब होतो. मी बहुतेक वेळा 421 माइकवाला घेतो, मिड्स पुढे असतात. डी112 माइकवाले एकट्यात लोभस, बँडमध्ये बिनकामाचे. हे माझं मत, भांडायचं तर भांडा.

डीआयजिंदाबाद:
तो 'एक' मीच. नाव घ्यायला लाजायचं कारण नव्हतं.

मोटाउन या अमेरिकन सोल संगीताच्या कंपनीच्या रेकॉर्ड्सवर जेम्स जेमरसनचा बेस बहुतांशी डीआयच आहे. जगातला सगळ्यात जास्त नक्कल झालेला बेस टोन, आणि त्यात कॅबच नाही! आता बोला. लोकांना फोल्डर भरून आयआर हवेत, एकच कॅब, एकच माइक, फक्त बोटभर सरकवलेला, आणि मग रात्र रात्र त्यातला फरक शोधत बसायचं. रियाज कधी करता?

फ्लॅटवाउंड:
जेमरसनचं उदाहरण देणाऱ्यांनी त्याच्या तारा पण सांगाव्यात. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत, मंद आवाजाच्या), तुटल्याशिवाय न बदलणारा माणूस, वर ब्रिजपाशी फोम. कापायला वरचं काही शिल्लकच नव्हतं हो! तुम्ही नव्या स्टीलच्या राउंडवाउंड (खरखरीत, लख्ख आवाजाच्या) तारा लावून तेच करा आणि ऐकवा.

मंद्र५:
दोघंही मूळ मुद्दा सोडताय. लांबी बघा लांबी. बरेच पेडल आयआर 1024 सॅम्पलला कापतात, म्हणजे 48 किलोहर्ट्झला (सेकंदाला 48 हजार सॅम्पल) 21 मिलिसेकंद. खालचा ई 41 हर्ट्झ, त्याचं एक आवर्तन 24 मिलिसेकंदांचं. एक आवर्तन सुद्धा मावत नाही त्यात! माझ्या पाच तारांच्या बेसचा लो बी तर 31 हर्ट्झ. गिटारला चालतं म्हणून बेसला चालेल असं नाही, निदान 2048 घ्या.

तळसूर:
कागदावर बरोबर, कानाला तितकंसं नाही. बंद पेटीच्या कॅबचा जवळून घेतलेला आयआर पहिल्या काही मिलिसेकंदांतच बहुतेक संपलेला असतो. कापून ऐका, फरक शोधावा लागेल. पोर्टेड (हवेसाठी भोक ठेवलेली) कॅब असेल किंवा रूम माइक असेल तर तुमचं म्हणणं मान्य, तिथे खाली शेपूट लांब असते. शिवाय अँपेग कंपनीच्या 8x10 चा आकडाच 58 हर्ट्झला उणे 3 डीबी, 40 ला उणे 10. लो बीचा मूळ सूर त्या कॅबमधून कधी धड आलाच नव्हता, तुम्ही ऐकत होता ते त्याचे हार्मोनिक्स (वरचे उपसूर).

मंद्र५:
हे ज्ञान ऐकायला पाच तारांचा बेस घेतला नव्हता. पोर्टेडचं मान्य केलंत, उपकार झाले.

फेडर_खाली:
मी साउंड करते. तुमच्या आयआरचं काय होतं ते सांगू का? मी बेस आणि पेडलबोर्डच्या मध्ये माझा डीआय बॉक्स लावते आणि तुमचा आयआर माझ्यापर्यंत येतच नाही.

तळसूर:
हाच तो प्रकार! आम्ही महिनोन्‌महिने टोन बसवायचा आणि एका बटणात 'प्री' करून (पेडलच्या आधीचाच सिग्नल घेऊन) फेकून द्यायचा. मागे एका शोला माझं ओव्हरड्राइव्ह बाहेर कुणाला ऐकूच गेलं नाही, मी स्टेजवर इन-इअरमध्ये ऐकून खूश. विचारलं तर म्हणे 'क्लीन सिग्नल लागतो'. मग गिटारचा पण क्लीन घ्या की! त्यांना माइक, आणि आम्हाला मात्र शिस्त?

डीआयजिंदाबाद:
आयुष्यात पहिल्यांदा साउंडवाल्यांशी सहमत आहे. 😄

फेडर_खाली:
दादा, चिडू नका. तो टोन तुम्ही घरी, हेडफोनवर, हळू आवाजात केलेला असतो. हळू आवाजात कानाला लो एंड कमी ऐकू येतो म्हणून तुम्ही तो चढवता, आणि तेच माझ्या सबवुफरमधून आलं की 60 ते 100 हर्ट्झमध्ये नुसता चिखल. शिवाय काही जण आयआर चालू ठेवून खऱ्या बेस कॅबमध्ये घालतात, म्हणजे कॅबमधून कॅब, आणि वर मलाच विचारतात 'आवाज दबलेला का येतोय?'

फ्लॅटवाउंड:
ताईंचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा. पण दर वेळी प्री घेणं हा आळस आहे. एकदा ऐकून तर बघायचं, आवडलं नाही तर काढा.

फेडर_खाली:
साउंडचेकला वेळेवर आलात तर ऐकते की. आणि दोन्ही द्यायचे असतील तर फेज (दोन्ही लहरी एकमेकांशी जुळतात का) बघून द्या. एकाने क्लीन आणि आयआर दोन्ही पाठवले, आयआर दूरच्या माइकचा, सुरुवातीची शांतता न कापलेला. माइक 30 सेंटीमीटर मागे म्हणजे जवळजवळ 0.9 मिलिसेकंद उशीर, दोन्ही मिसळले की 550 हर्ट्झच्या आसपास खड्डा. बेसचा सगळा बोलका भाग तिथेच. पोलॅरिटी उलटवून (एक लहर उलटी करून) बघितली तर खालचा सूर गेला.

मंद्र५:
म्हणून मी मिनिमम फेज केलेलेच (सुरुवातीचा उशीर काढलेलेच) वापरतो. आणि 44.1 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची फाइल 48 वर न बदलता वाजवणारे आयआर लोडर पण आहेत, सगळं जवळजवळ 9 टक्के वर सरकतं, मग म्हणायचं 'हा आयआर पातळ आहे'.

डीआयजिंदाबाद:
लांबी, फेज, सॅम्पल रेट, प्री, पोस्ट... एवढं सगळं सांभाळायचं आणि वर मी सांगितलेला हाय कट 'सोपा' म्हणून वाईट. बरं, डिस्टॉर्शनला कॅब लागते हे मान्य करतो, त्यापलीकडे एक हर्ट्झ सरकणार नाही.

तळसूर:
तेवढंच तर म्हणत होतो पहिल्यापासून. @फेडर_खाली, पुढच्या वेळी दोन चॅनल देतो, फेज तपासून. घेणार का?

फेडर_खाली:
चॅनल उरले तर. तुमच्या ड्रमरने आधीच 12 मागितलेत.