गेमिंगसाठी माउस कसा निवडला? आपले अनुभव लिहा

गेमिंगचा माउस घ्यायला गेल्यावर खोक्यावरचे आकडे आधी डोळ्यांत भरतात : २५,६०० डीपीआय (माउस इंचभर सरकला की संगणकाकडे जाणाऱ्या मोजण्या), ८,००० हर्ट्झ (माउस सेकंदाला किती वेळा आपली स्थिती कळवतो), २ कोटी क्लिकचे आयुष्य. यांतले कोणते आपल्या खेळाला खरोखर लागू पडतात आणि कोणते केवळ जाहिरातीपुरते असतात, हे वापरणाऱ्यांकडूनच कळते. म्हणून हा धागा. लिहिताना शक्यतो एवढे सांगावे : मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी, माउस धरण्याची पद्धत (पूर्ण तळवा टेकवून, तळव्याची मागची कड टेकवून व बोटे वाकवून, की नुसत्या बोटांच्या टोकांनी), मुख्यतः कोणता खेळ खेळता, आणि माउसखाली काय असते. ‘मस्त आहे, डोळे मिटून घ्या’ एवढ्या शिफारशीचा दुसऱ्याच्या हाताला उपयोग होत नाही.

सुरुवात मीच करतो. हात १९ सेंमी, बोटे वाकवून धरतो, खेळ काउंटर-स्ट्राइक (नेमबाजीचा), खाली ४५ सेंमी रुंदीचा कापडी पॅड. डीपीआय ८०० आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउसच्या हालचालीला दृश्य किती वळावे याचा आकडा, १. या खेळात सेन्सिटिव्हिटी १ असताना माउसने पाठवलेल्या प्रत्येक मोजणीमागे दृश्य ०.०२२ अंश वळते. म्हणजे माउस इंचभर सरकला की १७.६ अंश, आणि पूर्ण गिरकीला सुमारे ५२ सेंमी. प्रत्यक्षात पाठीमागे वळण्यापुरती अर्धी गिरकीच लागते, आणि ते २६ सेंमी पॅडवर आरामात मावतात. नवख्याला हे अंतर अवाढव्य वाटते. पण लांबच्या कोपऱ्यातून डोकावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचे डोके पडद्यावर मोजक्या पिक्सेलचेच असते आणि तिथे हाताच्या बारीक थरथरीने नेम ढळू नये, याच कारणाने या खेळातले बहुसंख्य व्यावसायिक खेळाडू ४०० किंवा ८०० डीपीआयवर खेळत आले आहेत. २५,६०० डीपीआयवर माउस इंचभर हलला तर १,९२० पिक्सेल रुंदीचा पडदा तेरा वेळा ओलांडला जाईल. हा आकडा नेमका कोण वापरतो, हे कोणाला माहीत असल्यास अवश्य लिहावे.

माझ्या मते सेन्सर, म्हणजे माउसची हालचाल टिपणारा भाग, हा आता निवडीचा प्रश्नच उरलेला नाही. पिक्सआर्ट कंपनीचा ३३६० आणि त्यानंतर आलेले नावाजलेले सेन्सर माणसाच्या हाताच्या वेगाला पुरून उरतात. म्हणून मी आकार आधी पाहिला, वजन नंतर, आणि रंगीत दिव्यांकडे पाहिलेच नाही.

कल्याण, सॉफ्टवेअर अभियंता

५२ सेंमी वाचून हेवा वाटला. आमच्याकडे संगणकाचे टेबल आणि मुलीच्या अभ्यासाचे टेबल एकच आहे, आणि कीबोर्ड ठेवल्यावर उजवीकडे वीतभर जागा उरते. अंकांचा भाग नसलेला आखूड कीबोर्ड घेऊन तो जरा तिरका ठेवला, तेव्हा कुठे ३० सेंमी मोकळे झाले, आणि मगच माउसचा विचार सुरू केला. इतक्या जागेत माउस सतत उचलून मागे आणावा लागतो, त्यामुळे माझ्यासाठी वजन ही पहिली अट ठरली. दुसरी अट म्हणजे उचलल्यावर सेन्सरने किती उंचीवर वाचणे थांबवावे. ही उंची एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त असली, तर प्रत्येक उचलीला नेम थोडा सरकतो आणि दोष आपण हाताला देत बसतो.

वजनाच्या कल्पना किती झपाट्याने बदलल्या, हे पाहण्यासारखे आहे. २०१८ मध्ये लॉजिटेकचा जी प्रो वायरलेस ८० ग्रॅमचा आला, तेव्हा बिनतारी माउससाठी ते वजन कमीच मानले गेले. २०२० च्या अखेरीस आलेला त्याचा सुपरलाइट ६३ ग्रॅमच्या आत होता. दरम्यान २०१९ मध्ये ग्लोरियसच्या ६७ ग्रॅमच्या मॉडेल ओ मुळे जाळीदार कवचाची लाट आली. जाळीचा माउस मित्राकडे भरपूर वापरून पाहिला आणि खेळायला तो उत्तमच वाटला; पण खिडकीतून दिवसभर येणारी धूळ आणि एप्रिल-मे महिन्यांतला तळहाताचा घाम लक्षात घेता मी बंद कवचाचाच, ६५ ग्रॅमच्या आसपासचा माउस घेतला. हात १८.५ सेंमी, पकड बोटे वाकवून, खेळ व्हॅलोरंट, तोही नेमबाजीचाच.

नाशिक, वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी

माझा हात १६.५ सेंमी आहे. बाजारातल्या बहुतेक ‘एर्गोनॉमिक’ माउसांचा आकार मोठ्या हातासाठी बेतलेला असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. रेझर कंपनीच्या १२७ मिमी लांबीच्या डेथअ‍ॅडर इसेन्शियलवर तळवा टेकवला की माझी तर्जनी बटणाच्या मध्यापर्यंतच पोहोचते आणि तिथे क्लिक जड लागते, कारण बटण पुढच्या टोकाशीच सर्वांत सहज दबते. हाताच्या लांबीच्या साठ टक्के लांबीचा माउस घ्यावा, असा एक ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो. तो वाईट नाही, पण त्यात पाठीच्या उंचवट्याचा विचारच नाही. दोन माउसांची लांबी सारखी असली तरी एकाचा उंचवटा मागे आणि दुसऱ्याचा मध्यभागी असेल, तर पकड पूर्ण बदलते. दुकानात खोके उघडू देत नाहीत, म्हणून मी लांबी, रुंदी आणि उंची घेऊन थर्माकोलचे ठोकळे कापले, पॉलिश पेपरने घासले आणि ते हातात धरून पाहिले. त्यातून रेझरचा वायपर मिनी निवडला : ११८ मिमी, ६१ ग्रॅम. व्हॅलोरंट बोटांच्या टोकांनी आणि ड्राफ्टिंग तळवा टेकवून, अशी दोन्ही कामे त्यावर होतात.

मुंबई, संगणक दुरुस्तीचे काम

लॅमिंग्टन रोडच्या परिसरात बसतो, त्यामुळे माझा अनुभव खेळण्यापेक्षा उघडण्याचा अधिक आहे. आमच्याकडे येणाऱ्या गेमिंग माउसांची पहिली तक्रार एकच असते : एकदा दाबले की दोनदा क्लिक होते. हा दोष सर्वच प्रकारच्या माउसांत पाहिला आहे, त्यामुळे एका कंपनीकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. दोषाचे मूळ बटणाखालच्या स्विचच्या रचनेत आहे. आत तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पट्टी असते, ती दाबल्यावर दुसऱ्या संपर्कबिंदूवर आदळते आणि आदळताना सूक्ष्मपणे उसळते. ही उसळी म्हणजे नवे क्लिक नव्हे, हे माउसमधल्या चिपला कळावे म्हणून काही मिलिसेकंद वाट पाहिली जाते. पट्टीचा ताण कमी झाला किंवा संपर्कबिंदूवर गंज धरला, की उसळी त्या वेळेपेक्षा लांबते आणि एकाची दोन क्लिक मोजली जातात. आमच्या दमट हवेत आणि घामाच्या हातात गंज लवकर धरतो. खोक्यावरच्या २ कोटी क्लिक यंत्राने ठरावीक परिस्थितीत दाबून मोजलेल्या असतात. पावसाळ्यातल्या मुंबईचा त्यात हिशेब नसतो. यावरून ज्यांना ‘किती कोटी क्लिक’ यावरून निवड करायची आहे, त्यांनी काय ते ठरवावे.

दुरुस्ती फार अवघड नाही. स्क्रू बहुधा तळाच्या घसरपट्ट्यांखाली दडवलेले असतात, त्यामुळे त्या पट्ट्या आधी गरम हवेने सैल कराव्या लागतात आणि काढल्यावर पुन्हा नीट बसतीलच असे नाही. नव्या टेफ्लॉनच्या पट्ट्या जवळ ठेवूनच काम सुरू करावे. स्विचचे तीन पाय सोडवून नवा स्विच जोडायचा. कैल्ह किंवा हुआनो यांचे स्विच याच मापात मिळतात आणि बऱ्याच गिऱ्हाइकांना त्यांचा ठोस आवाज मूळ स्विचपेक्षा अधिक आवडतो. मात्र माउस हमीच्या मुदतीत असेल, तर आमच्याकडे आणू नये. बिल शोधावे आणि अधिकृत केंद्रात द्यावा. नवा घेणाऱ्यांनी प्रकाशीय स्विचचा विचार जरूर करावा. त्यात धातूच्या संपर्काऐवजी प्रकाशाचा किरण मोकळा होतो किंवा अडतो, त्यामुळे उसळीचा आणि गंजाचा प्रश्नच येत नाही. २०१९ च्या रेझर वायपरपासून असे स्विच बऱ्यापैकी रुळले आहेत.

म्युनिक, एम्बेडेड प्रणालींचे काम

पोलिंग रेटबद्दल थोडे. साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी आपली स्थिती कळवतो. गेमिंगचा माउस १,००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर एक चौकट, म्हणजे एक चित्र, सुमारे ७ मिलिसेकंद टिकते, त्यामुळे १२५ आणि १,००० यांतला फरक जाणवणे साहजिक आहे. १,००० वरून ८,००० वर गेल्यास वाचतात ते मिलिसेकंदाचे सात अष्टमांश, आणि त्या बदल्यात प्रोसेसरवरचा भार वाढतो व बिनतारी माउसची बॅटरी भराभर उतरते. माझ्या जुन्या संगणकावर ८,००० ठेवल्यास खेळ मधूनच अडखळतो, म्हणून १,००० वरच ठेवले आहे. तेवढ्या पैशांत चांगला मॉनिटर घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

सांगली, डावखुरा

सममित आकार म्हणजे डावखुऱ्यांसाठीचा माउस, असे विक्रेते बिनदिक्कत सांगतात. लॉजिटेकच्या जी १०२ चा आकार दोन्ही बाजूंनी सारखा आहे खरा, पण बाजूची बटणे फक्त डाव्या अंगाला आहेत, आणि डाव्या हातात ती अंगठ्याऐवजी शेवटच्या दोन बोटांखाली येतात. दोन्ही अंगांना बटणे असलेले माउस मोजकेच आहेत : रेझरचा मूळ वायपर आणि लॉजिटेकचा जी प्रो वायरलेस, ज्यात नको त्या बाजूची बटणे काढून झाकणे बसवता येतात. आणखी एक गोष्ट उजव्या हाताच्या मंडळींना सहसा माहीत नसते. विंडोजमध्ये डावे-उजवे बटण अदलाबदल केले, तरी काही खेळ थेट माउसकडून माहिती घेतात आणि ती अदलाबदल मानत नाहीत; अशा वेळी खेळाच्या सेटिंगमध्ये बटणे नव्याने नेमावी लागतात.

रत्नागिरी, महाविद्यालयीन प्राध्यापक

बिनतारी माउस खेळाला चालत नाही, हा समज आता सोडून द्यावा. अट एवढीच, की जोडणी ब्लूटूथची नको, सोबत येणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरची हवी. माझ्याकडे निशाण अधूनमधून क्षणभर गोठत असे. रिसीव्हर कॅबिनेटच्या मागे, यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कशेजारी लावलेला होता, आणि यूएसबी ३ ची जोडणी नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विद्युतगोंगाट करते. एक्स्टेन्शन वायरने रिसीव्हर टेबलावर, माउसपासून हातभर अंतरावर आणला आणि तक्रार संपली. माउस एका एए सेलवर चालतो. साध्या अल्कलाइन सेलऐवजी लिथियमचा घातल्यास सात-आठ ग्रॅम कमी होतात आणि शेपटीकडचा जडपणा जाणवेनासा होतो.

पुणे

मी नेमबाजीचे खेळ खेळतच नाही. एज ऑफ एम्पायर्स आणि अनेकांनी मिळून खेळायचे रोलप्लेइंग खेळ. मला अंगठ्याखाली बारा बटणे असलेला रेझरचा नागा सोयीचा पडतो आणि त्याचे वजन किती आहे, हे मी कधी पाहिलेले नाही.

कोल्हापूर, वय चाळिशीपुढे

सायबर कॅफेत तासाच्या दराने काउंटर-स्ट्राइक १.६ खेळणाऱ्या पिढीतला आहे. बसल्याबसल्या आधी माउस उलटा करून गोळी काढायची आणि आतल्या रुळांवर चिकटलेले मळाचे कडे नखाने खरवडायचे, मग खेळ सुरू. मायक्रोसॉफ्टचा लाल प्रकाशाचा इंटेलिमाउस एक्स्प्लोरर १९९९ चा, पण आमच्या कॅफेत असे माउस यायला बरीच वर्षे गेली; आणि आले तेव्हा काचेच्या टेबलावर ते चालेनात, म्हणून वहीचे पुठ्ठे खाली घेतले जात. मधल्या काळात खेळ सुटला होता. पुन्हा सुरू केल्यावर मनगट दुखू लागले. फिजिओथेरपिस्टने टेबलाची उंची कोपराच्या पातळीला आणायला लावली, आणि मी सेन्सिटिव्हिटी निम्मी केली, जेणेकरून हालचाल मनगटातून न होता कोपर आणि खांद्यातून व्हावी. माउसही तळवा पूर्ण टेकेल असा, झोवीच्या ईसी मालिकेतला घेतला. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही, डीपीआयचे बटण तळाशी आहे. माझ्यासारख्याला हे बरे वाटते. ऑफिसच्या कामाला मात्र उभा माउस वापरतो, म्हणजे दिवसभर एकाच पकडीत हात आखडत नाही.

नागपूर, पालक

मुलगा तेरा वर्षांचा आहे, हात १७ सेंमी, व्हॅलोरंट खेळतो. पॅडसह अडीच हजारांपर्यंत खर्च करता येईल. हात वाढेल म्हणून आताच मोठा माउस घ्यावा का?

धागालेखक

मोठा घेऊ नये. त्या वयात हात वाढेपर्यंत तो ताणलेल्या बोटांनी खेळेल आणि पकड बिघडेल. आपल्या रकमेत जी १०२ सारखा तारेचा, ८५ ग्रॅमचा, ११७ मिमीचा माउस आणि किमान ४० सेंमी रुंदीचा कापडी पॅड बसावा. पॅडवर पैसे वाचवू नयेत, कारण अर्धी हालचाल त्यावरच अवलंबून असते. विंडोजच्या माउस सेटिंगमधील ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढून टाकावी, कारण तिच्यामुळे हात वेगात फिरला की तेवढ्याच अंतरात निशाण जास्त पळते आणि हाताला सवय लागतच नाही. डीपीआय ८०० ठेवून खेळात सेन्सिटिव्हिटी ०.३५ ते ०.४ पासून सुरुवात करावी आणि किमान पंधरवडाभर त्याला बदलू देऊ नये. काउंटर-स्ट्राइक खेळणारा मोठा भाऊ घरात असेल, तर त्याच्या आकड्याला ३.१८ ने भागले की व्हॅलोरंटचा आकडा मिळतो. खरेदी पक्क्या बिलावरच करावी. मुंबईचा प्रतिसाद वाचल्यानंतर याचे कारण सांगायला नको.