बुलेटच्या प्रायमरी चेनची बाहेरची टेन्शनर पट्टी २,२०० किलोमीटरांतच झिजली

घाटवाट_३५०
सर्वांना नमस्कार. माझ्याकडे बिडाच्या इंजिनाची, उजव्या पायात गिअर असलेली जुनी बुलेट ३५० आहे. पावसाळ्याआधी प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लचकडे जाणारी) नवी घातली, तेव्हा तिला ताण देणाऱ्या टेन्शनरची मूळ पट्टी दुकानात मिळाली नाही, म्हणून बाहेरच्या बनावटीची, पोलादावर काळे रबर चिकटवलेली पट्टी बसवली. साधारण २,२०० किलोमीटर झाल्यावर गाडी उभ्या जागी चालू असताना डावीकडून टकटक ऐकू येऊ लागली आणि महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना चेनकेसमधून (ही चेन आणि क्लच असलेल्या, तेल भरलेल्या बंद खोक्यातून) स्पष्ट खरखर येऊ लागली.

काल फूटरेस्ट आणि ब्रेकचे पेडल सोडवून झाकण काढले. तेल शाईसारखे काळे झाले होते आणि तळाशी साचलेला गाळ चिमटीत घेतल्यावर खोडरबराच्या भुग्यासारखा लागत होता. चेन शेजारी-शेजारी दोन ओळींची असल्याने पट्टीवर दोन खाचा पडल्या आहेत. बाहेरची खाच जेमतेम १ मिलिमीटर खोल आहे, पण इंजिनाकडची थेट पोलादापर्यंत पोचली आहे. हा दोष पट्टीच्या मालाचा आहे की माझ्या बसवण्याचा, आणि पुढची पट्टी नायलॉनची घ्यावी का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दुपदरी
आपण खाचांची खोली नीट पाहून लिहिलीत हे फार बरे केलेत, कारण खरे उत्तर तिथेच आहे. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत गिअरबॉक्स मागे सरकवून प्रायमरी चेन ताणता येत असे. बुलेटचा गिअरबॉक्स मात्र क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या कवचाच्या) पाठीला बोल्टने पक्का जोडलेला असल्यामुळे दोन स्प्रॉकेटांमधले (चेनच्या दातेरी चाकांमधले) अंतर बदलता येत नाही आणि चेनचा सगळा ढिलेपणा या एका पट्टीलाच सांभाळावा लागतो. पट्टी चेनच्या खालच्या पदराखाली असते. इंजिन गाडी ओढत असते तेव्हा वरचा पदर ताठ आणि खालचा सैल राहतो, त्यामुळे पट्टीवर फारसा भार येत नाही. घाट उतरताना आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाक इंजिनाला फिरवू लागते, खालचा पदर ताठ होतो आणि सरळ होऊ पाहणारी चेन पट्टीला खाली दाबते. आपल्याला खरखर नेमकी उतारावर ऐकू आली ती यामुळे. म्हणून घाट गिअरमध्ये उतरणे सोडू नका, ती सवय योग्यच आहे. पण चेन आधीच गरजेपेक्षा ताणलेली असेल तर प्रत्येक उतार पट्टीला खाणार हे नक्की.

वरच्या पदराच्या मध्यावर सुमारे ६ मिलिमीटर खेळ (वरखाली हलण्याची मोकळीक) हवा, आणि तो चेन सर्वांत घट्ट होते त्या जागी मोजायला हवा. स्पार्क प्लग काढून किक हाताने हळूहळू दाबत न्या आणि थोड्या थोड्या अंतराने माप घ्या. क्लचच्या मोठ्या स्प्रॉकेटाचा एक फेरा पुरा व्हायला इंजिनाचे दोनांहून अधिक फेरे लागतात, त्यामुळे एकदोन किकमध्ये हे काम होत नाही. शिवाय इंजिन तापल्यावर अ‍ॅल्युमिनियमचा क्रँककेस पोलादी चेनपेक्षा जास्त प्रसरण पावतो, म्हणजे थंड असताना घट्ट वाटणारी चेन तापल्यावर आणखी घट्ट होते आणि त्याचा भार क्रँकच्या डाव्या बेअरिंगवरही पडतो.

खाचा असमान आहेत, याचा अर्थ दोन्ही स्प्रॉकेटे एका रेषेत नाहीत किंवा पट्टी तिरपी बसली आहे. स्टेटर आणि रोटर (वीज बनवणारे भाग) काढून दोन्ही स्प्रॉकेटांच्या बाजूंना सरळ पोलादी मोजपट्टी लावून पाहा. परत बसवताना रोटरभोवतीची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) सगळीकडे सारखी करून घ्या.

तेलपाणी
रबराबद्दल थोडे लिहितो. साधे नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते आणि मऊ पडते. नायट्राइल रबर तेलात टिकते. दोन्ही काळीच दिसत असल्याने डोळ्यांनी फरक कळत नाही. त्यामुळे नवी पट्टी बसवण्याआधी तिची जाडी व्हर्नियरने मोजावी, चेनकेसमध्ये वापरता त्याच तेलात ती चारपाच दिवस बुडवून ठेवावी आणि पुन्हा मोजावी. जाडी सहज जाणवण्याइतकी वाढली तर ती परत करावी, कारण फुगलेली पट्टी चेन आपोआप घट्ट करते आणि मग स्वतःच कापली जाते. चांगले नायलॉन तेलात टिकते, मात्र काचतंतू मिसळलेले नायलॉन मी तरी घेणार नाही, कारण ते चेनलाच घासते. रबराचा भुगा क्लच प्लेटांमध्येही गेला असणार, तेव्हा प्लेटा काढून धुतल्याशिवाय नवे तेल ओतू नका.

घाटवाट_३५०
दोघांचेही मनापासून आभार. आज सगळे मोजून पाहिले. चेनचा खेळ एका जागी ९ मिलिमीटर भरला आणि दुसऱ्या जागी फक्त ३. मी त्या वेळी एकाच जागी ६ मोजून टेन्शनरचा लॉकनट आवळला होता, ही माझी चूक आता लक्षात आली. सरळ मोजपट्टी लावल्यावर क्लचच्या बाजूला फट दिसते, पण क्लचचा ड्रम (मोठे स्प्रॉकेट असलेला भाग) फिरवला की ती कमीजास्त होते. चेन नवी असताना एवढा फरक कसा पडावा?

दुपदरी
फट फिरवण्याबरोबर बदलते, त्याअर्थी संशय क्लच ड्रमच्या बेअरिंगवर घ्यायला हवा. टेन्शनर सैल करून ड्रमची कड दोन्ही हातांनी धरून आतबाहेर हलवून पाहा. तिथे जाणवण्याजोगा खेळ असेल तर ड्रम डोलतो. चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल होणे, तसेच एकच खाच खोल जाणे, या दोन्हींचा उलगडा त्यातून होतो. बेअरिंग पक्के निघाले तर मात्र स्प्रॉकेटाचे दात आणि त्याची गोलाई तपासावी लागेल. ही चेन अखंड असते, तिला जोडकडी नसते, त्यामुळे ती उतरवण्यासाठी इंजिनाचे स्प्रॉकेट आणि क्लच एकाच वेळी ओढून काढावे लागतात. तेव्हा बेअरिंग हाताशी आणून ठेवूनच कामाला लागा, म्हणजे सगळे दुसऱ्यांदा उघडावे लागणार नाही.