मदत हवी आहे: थायलंडमधलं डोंगरावरचं वात फा लात, आईच्या गुडघ्यांना झेपेल काय?

नमस्कार मंडळी. मी खानापूरची. डिसेंबरात आई (वय 64) आणि मी एका ग्रुप टूरबरोबर थायलंडला जातोय. चियांग माईत तीन दिवस आहेत, त्यातला एक दिवस मोकळा. प्रश्न त्या एका दिवसाचाच आहे.

आईनं दोन वर्षांमागं आळत्याच्या धम्मालय या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं ध्यानाचं शिबिर केलं. तेव्हापासून पहाटे ध्यानाला बसते. घरात कुणी भांडं आपटलं तर डोळे न उघडता "अनिच्च" (पालीत, सगळं अनित्य आहे) म्हणते आणि आपटणाऱ्याला नंतर बघून घेते. तिनं कुठंतरी वाचलं की चियांग माईजवळ डोई सुतेप डोंगराच्या अंगाला झाडीत वात फा लात म्हणून जुना विहार आहे. ('लात' ऐकून घरी सगळे हसले. 'फा लात' म्हणजे उतरता कडा म्हणे.) तिला सोन्याचे कळस बघायचे नाहीत, तिथं तासभर गप्प बसायचं आहे.

टूरवाल्याला विचारलं तर म्हणाला, मॅडम, वर डोई सुतेपच्या मोठ्या देवळाला नेतोच की, तीनशेवर पायऱ्या आहेत, नको असेल तर लिफ्ट आहे, अर्ध्या तासात फोटो काढून खाली. आई म्हणाली, गाडीनं जाऊन देवाला तोंड दाखवून यायचं तर घरचा टीव्ही काय वाईट?

तिला चालतच जायचं आहे, भिक्खूंच्या जुन्या वाटेनं. उजवा गुडघा दुखतो. मागच्या वर्षी राजहंसगडावर गाडी थांबते तिथून वर चढली, पण घरी आल्यावर दोन दिवस तेल चोळत बसली. तर:

चढ कितपत आहे? तिथं अनोळखी बाईनं ध्यानाला बसलं तर कुणी हटकतं का? आणि भिक्खूंना काही द्यायचं तर बायकांनी कसं द्यायचं? जेवणाचंही सांगा, आई अंडंसुद्धा खात नाही.

उत्तर (निपाणीकर)

ताई, मी दोन वेळा गेलोय. वाट विद्यापीठाच्या मागल्या बाजूनं, सुतेप रस्ता संपतो तिथून जंगलात शिरते. झाडांना भगवी कापडं बांधलेली आहेत, ती बघत जायचं. धडधाकट माणसाला विहारापर्यंत तीस-चाळीस मिनिटं लागतात. आईंना दीड तास धरा, पाण्याची बाटली आणि काठी घ्या. मुळं आणि दगड आहेत, आपल्याकडच्या घाटातल्या पायवाटेसारखंच. तिथून पुढं डोई सुतेपपर्यंतची वाट मात्र खरी उभी आहे, तिच्या नादी लागू नका.

आता मुद्द्याचं. दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त नडतो. म्हणून चढा पायी आणि उतरा गाडीनं. विहाराला वरच्या मोटाररस्त्यावरूनही फाटा आहे, तिथून ॲपवर गाडी बोलवायची. पूर्वी सुतेपला पायी जाणारे लोक वाटेत इथं टेकायचे. 1935 मध्ये ख्रूबा श्रीविचाई या भिक्खूंच्या पुढाकारानं लोकांनी वर जायचा रस्ता केला, आणि ही पायवाट ओस पडत गेली. आज तिथं शांतता आहे ती त्यामुळंच.

बसायला कुणी हटकत नाही. सपाट खडकावरून ओढा वाहतो, त्याच्या आसपास मूर्ती आणि छोटी मंदिरं आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी उत्तम. पाय लांब करून बसायची वेळ आली तर तळवे बुद्धाकडं किंवा भिक्खूंकडं करू नका, गुडघेदुखीवाली माणसं इथंच चुकतात. सकाळी लवकर जा, दहानंतर फोटोवाले येतात.

उत्तर (बेळगावची सून)

दानाचं मी सांगते. पिंडपाताला, म्हणजे सकाळच्या भिक्षेला, निघालेल्या भिक्खूंच्या पात्रात बायकांनी अन्न ठेवलं तर चालतं, हाताला हात लागू द्यायचा नाही. एरवी वस्तू द्यायची असेल तर ते कापड पसरतात, त्यावर ठेवायची. दुपारी बारानंतर ते जेवत नाहीत, म्हणून खाण्याचं काही असेल तर सकाळीच.

आईंच्या जेवणासाठी 'जे' हा शब्द पाठ करा. पिवळ्या कापडावर लाल अक्षरांत लिहिलेला असतो. मांस, अंडं, माशाचं पाणी (फिश सॉस), कांदा-लसूण, काहीच नसतं. नुसतं 'व्हेज' म्हणालात तर भाजीत माशाचं पाणी पडायचंच, मी फसलेय. आणि शाल घ्या, डिसेंबरात पहाटे डोंगरावर गार असतं.

मूळ धागाकर्ती

दोघांचे आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. चढा पायी, उतरा गाडीनं हे तिला लगेच पटलं. मग विचारते, आपल्या शेतातला बासमती एक किलो बांधून नेला तर भिक्खूंना चालेल काय?

उत्तर (बेळगावची सून)

कच्चं धान्य ते घेत नाहीत, विनयात, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेत, नियमच आहे. शिजवलेलंच लागतं. पहाटे तिथल्या बाजारात दानासाठी भाताच्या तयार पुड्या मिळतात, त्यातली घ्या.

मूळ धागाकर्ती

सांगितलं. आता हॉटेलात कुकर चालेल काय विचारतेय.