थायोपेंटोन आता बंदच करावं का?

रानजाई: स्पष्टच लिहिते. प्रोपोफॉल हे भुलेचं दुसरं इंजेक्शन असताना कुत्र्यामांजरांना अजून थायोपेंटोनची भूल का देतात? आमच्या कुत्रीला देताना औषध शिरेबाहेर गेलं, पाय सुजला, मग तिथली कातडीच काळी पडून गळाली, महिनाभर ड्रेसिंग चाललं. माझं मत, बंद करा.

सुईदोरा: वाईट झालं, पण मी व्हेट आहे आणि मला हा दोष औषधापेक्षा पद्धतीचा वाटतो. थायोपेंटोनचं द्रावण प्रचंड अल्कधर्मी असतं, पीएच 10 च्या वर, म्हणून आधी कॅथेटर, म्हणजे शिरेत ठेवायची बारीक नळी, लावून तो शिरेतच आहे ना हे सलाइनने बघायचं, आणि 2.5 टक्क्यांपेक्षा कडक द्रावण लहान जनावराला द्यायचंच नाही. चुकून बाहेर गेलंच तर लगेच तिथे भरपूर सलाइन टोचून पातळ करायचं. बाकी काम चोख करतं, मेंदूत पेशींना शांत करणाऱ्या गाबा रिसेप्टरला चिकटतं, पेशीत क्लोराइड आत सोडणारं दार जास्त वेळ उघडं राहतं, पेशी शांत होतात, अर्ध्या-एक मिनिटात जनावर झोपतं. घशात ट्यूब घालून भुलेच्या गॅसवर घ्यायला एवढं पुरतं.

पाणकणीस: आणि 10-15 मिनिटांत जाग येते ती औषध संपलं म्हणून नाही हो, ते मेंदूतून निघून स्नायूंत जातं म्हणून! खरी गोम इथेच आहे. ऑपरेशन लांबलं की लोक परत परत टॉप-अप, म्हणजे वरून जादा डोस, देतात, स्नायू आणि चरबी भरत जातात, मग सगळा भार लिव्हरवर आणि जनावर तासन्‌तास धडपडत उठतं. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ कुत्र्यांत तर चरबी कमी, लिव्हरही हे औषध हळू मोडतं, त्यांना मी कधीच देणार नाही. मी रानजाईंच्या बाजूने.

सुईदोरा: ग्रेहाउंडचं शंभर टक्के मान्य. टॉप-अपचंही. पण प्रोपोफॉल म्हणजे निर्धोक असं कोणी समजू नका, भराभर दिलं तर श्वास तेही थांबवतं, साध्या प्रोपोफॉलची फोडलेली बाटली ठेवून दिली तर त्यात जंतू वाढतात, मांजरांना रोज रोज दिलं तर लाल पेशींना इजा होते. आणि दोन्हींपैकी एकही वेदना मारत नाही, त्याचं औषध वेगळंच द्यावं लागतं, भांडायचं तर त्यावर भांडू.

रानजाई: कॅथेटरचं पटलं. आमच्या वेळी लावलाच नव्हता, थेट सुईने दिलं होतं. दुखण्याचं वेगळं काही दिलं होतं का ते मात्र मी विचारलंच नाही, उद्या जाऊन केसपेपर मागते.