व्हर्जिनियातल्या ग्रामीण काउंटीच्या शाळा: कारभार कोण बघतं, निकाल कसे वाचायचे? (मदत हवी आहे)

ओसरी:
नमस्कार मंडळी. नवऱ्याला साउथसाइड व्हर्जिनियातल्या (राज्याचा दक्षिणेकडचा ग्रामीण भाग) एका कॉलेजात नोकरी लागली आहे. ऑगस्टच्या आत बिऱ्हाड हलवायचं आहे. काउंटीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथं मराठी घर आमचं एकच निघायचं. सध्या आम्ही अ‍ॅशबर्नला, लाउडन काउंटीत. धाकटी चौथीत जाईल, थोरला आठवीत.

नव्या काउंटीत एक एलिमेंटरी, एक मिडल, एक हायस्कूल. म्हणजे ‘कुठल्या शाळेच्या हद्दीत घर घ्यायचं’ हा अ‍ॅशबर्नकरांचा लाडका विषय आपोआप बाद. घरं विकणाऱ्या साइटवर हायस्कूलला दहापैकी तीन. सासूबाईंनी तो आकडा पाहिल्यापासून रोज फोन चालू आहे. राज्याच्या साइटवर निकाल उघडले तर अर्ध्या रकान्यांत आकडाच नाही, नुसतं ‘<’ असं चिन्ह.

सुपरिंटेंडंट, स्कूल बोर्ड आणि बोर्ड ऑफ सुपरवायझर्स यांत कोण कोणाच्या वर? शिक्षक टिकत नाहीत अशी कुरकुर तिथल्या फेसबुक ग्रुपवर दिसते, ती खरी की खोटी कुठे तपासायची? आणि थोरल्याला आठवीत अल्जेब्रा मिळेल का? अशा काउंटीत ज्यांची मुलं शिकली किंवा जे स्वतः शिकवतात त्यांनी लिहा. ‘प्रायव्हेट बघा’ नको, सर्वांत जवळची पन्नास मिनिटांवर आहे.

जर्सीकर_नाना:
सोपं आहे. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात शाळेची ओळ वेगळी असते, ती बघा. किती पैसा शाळेला जातो ते लगेच कळतं. नाही पटलं तर शेजारच्या टाउनमध्ये घर घ्या, पाच मैलांवर दुसरा स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळांचा वेगळा कारभार लागतो.

गणितवाली:
नाना, तुमच्या न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत, टाउनगणिक एक. व्हर्जिनियात एकदोन टाउन सोडली तर अख्खी काउंटी मिळून एकच. शेजारचा डिस्ट्रिक्ट म्हणजे शेजारची काउंटी, आणि मध्ये तासभर जंगल. शिवाय इथं स्कूल बोर्डाला कर लावायचा अधिकारच नाही. ओसरीताईंच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं याच एका गोष्टीत आहेत.

मी यवतमाळकडची, परदेशी शिक्षकांना ठरावीक वर्षांसाठी मिळतो त्या जे-१ व्हिसावर अशाच एका काउंटीत गणित शिकवते. आधी कारभाराचं सांगते. स्कूल बोर्ड सुपरिंटेंडंटला नेमतं. शिक्षक, बस, वेळापत्रक हे सगळं त्या दोघांचं. बहुतेक ठिकाणी बोर्ड निवडून येतं. १९९२ पर्यंत राज्यात निवडणुकाच नव्हत्या, सगळे सभासद नेमलेले असायचे, आणि काही काउंट्यांत अजून तसंच चालतं. पैसा मात्र बोर्ड ऑफ सुपरवायझर्सच्या हातात. ते काउंटीचे राजे. घर-जमिनीवर आणि गाड्यांवर कर ते लावतात आणि त्यातून शाळांना किती द्यायचं तेही तेच ठरवतात. सुपरिंटेंडंट हिवाळ्यात अंदाजपत्रक मांडतात, स्कूल बोर्ड ते पुढे पाठवतं, सुपरवायझर्स मे महिन्याच्या मध्यापर्यंत मंजूर करतात आणि १ जुलैला नवं वर्ष सुरू होतं.

या अंदाजपत्रकाच्या जाहीर सुनावणीला एकदा जाच. आमच्याकडे ती जुन्या कोर्टहाउसात होते. बोलायला माणशी तीन मिनिटं. कर दर शंभर डॉलर किमतीमागे सेंटात मोजतात, म्हणून सगळी भाषा सेंटांची: “बसड्रायव्हरचे पगार वाढवायला दोन सेंट लागतील.” मग पुढच्या बाकावरचे गुरंवाले उठतात आणि एकरांचा हिशोब मांडतात. तुमच्या लाउडनमध्ये एक सेंट वाढवला की कोटीभर डॉलरच्या वर जमतात, डेटा सेंटरवाले वेगळे भरतात ते निराळंच. आमच्याकडे एका सेंटात दोन-तीन शिक्षकांचा पगार निघतो, बास. घर घ्यायच्या आधी मागच्या तीन वर्षांत सुपरवायझर्सनी शाळांची मागणी पूर्ण दिली की कापली, एवढं बघा. दहापैकी तीनपेक्षा ते जास्त सांगतं.

राज्य काय देतं? प्रत्येक काउंटीचा ऐपत मोजणारा एक ‘कंपोझिट इंडेक्स’ असतो. मालमत्तेची किंमत ५० टक्के, लोकांचं उत्पन्न ४० आणि दुकानांतली करपात्र विक्री १० टक्के धरून तो काढतात, मग मुलांच्या आणि एकूण लोकांच्या संख्येशी ताडतात. इंडेक्स ०.३० असेल तर राज्याने ठरवलेल्या किमान खर्चातले साधारण ३० टक्के काउंटीचे, उरलेले राज्याचे. ०.८० च्या वर तो जात नाही. यात गंमती होतात. डोंगरातली बाथ काउंटी, वस्ती चार हजारांच्या थोडी वर, पण तिथं अवाढव्य पंप-स्टोरेज वीजकेंद्र आणि होमस्टेड हे जुनं रिसॉर्ट. कागदावर काउंटी श्रीमंत, म्हणून इंडेक्स थेट ०.८०. तुमच्या काउंटीत तलावाकाठी बाहेरच्यांची सुट्टीतली घरं असतील तर थोडंफार हेच झालेलं असणार. आणि तो किमान खर्चही तोकडाच धरलाय. विधिमंडळाच्या स्वतःच्या ऑडिट आयोगाने २०२३ साली लिहून दिलं की व्हर्जिनियातल्या शाळांना प्रत्येक मुलामागे देशाच्या सरासरीपेक्षा १४ टक्के कमी पैसा मिळतो. सधन काउंट्या वरून पदरचे घालतात. गरीब काउंट्या शिक्षक गमावतात, कारण तासाभरावरच्या काउंटीत तोच शिक्षक जास्त पगारावर जातो.

खडूफळा:
हा पैशाचा मुद्दा वरवरचा समजू नका, त्यावर आख्खी पिढी घरी बसली आहे. साउथसाइडला जाताय तर फार्मव्हिल जवळच असेल. तिथं प्रिन्स एडवर्ड काउंटीत १९५१ साली सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने मोटन हायस्कूलच्या काळ्या विद्यार्थ्यांचा संप घडवला. त्यातला खटला १९५४ च्या ब्राउन निकालात (शाळांतलं गोरे-काळे वेगळेपण घटनाबाह्य ठरवणारा) सामील झाला. गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवायची वेळ आली तेव्हा १९५९ मध्ये सुपरवायझर्सनी शाळांना पैसेच मंजूर केले नाहीत. काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळा पाच वर्षं बंद. गोऱ्या मुलांसाठी खाजगी अ‍ॅकॅडमी निघाली. काळी मुलं नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी गेली, नाहीतर शाळेविना राहिली. शेवटी १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या. मोटनची इमारत आता संग्रहालय आहे, थोरल्याला दाखवाच.

ओसरी:
बापरे. कारभाराचा घोळ मिटला, जिल्हा परिषद आणि शिक्षणाधिकारी डोळ्यांसमोर आणले की बरंचसं जुळतं. गणितवाली ताई, निकालांचं आणि त्या ‘<’ चं सांगाल का? आणि शिक्षकांचं?

गणितवाली:
जुळतं, पण पगाराच्या बाबतीत नाही. आपल्याकडे जि. प. शिक्षकाचा पगार राज्याकडून येतो आणि यवतमाळला काय नि पुण्याला काय, वेतनश्रेणी एकच. इथं प्रत्येक काउंटीची श्रेणी वेगळी. सगळी पळापळ त्यापायी.

‘<’ चा अर्थ त्या गटात दहापेक्षा कमी मुलं आहेत. ओळख उघडी पडू नये म्हणून आकडा झाकतात. लहान काउंटीत हे सगळीकडे दिसणार. आणि जो आकडा दिसतो तोही जपून वाचा. एसओएल ही राज्याची परीक्षा तिसरीपासून, आतापर्यंतच्या निकालांत ४०० ला पास, ५०० पासून वर अ‍ॅडव्हान्स्ड. इयत्तेत साठ मुलं असली तर एक मूल पास-नापास झालं की टक्का पावणेदोनने हलतो. बारा जणांच्या गटात एकामुळे आठने. एका वर्षाच्या उडीवर ना खूश व्हायचं ना रडायचं, तीन वर्षं शेजारी शेजारी ठेवायची. त्या साइटचे दहापैकी तीन बहुतांशी परीक्षेचे मार्क, आणि मार्क बरेचसे पालकांच्या पगाराच्या मागे जातात. मी आधी गैरहजेरी बघते. १८० दिवसांतले १८ चुकले की मूल ‘सतत गैरहजर’ धरतात. त्या मुलांचा टक्का मोठा असेल तर वर्गात काय चालत असेल ते मला न बघता सांगता येतं: सोमवारी शिकवलेलं गुरुवारी पुन्हा.

शिक्षकांचं फेसबुकवर शोधू नका. स्कूल बोर्डाच्या मासिक सभेच्या कागदपत्रांत नेमणुका आणि राजीनामे असतात. मे-जूनचे उघडा आणि विषय बघा. गणित, सायन्स आणि स्पेशल एज्युकेशन हीच जागा दरवर्षी रिकामी दिसली तर समजायचं. माझ्यासारखे परदेशातून आणलेले किती आहेत तेही विचारा. आम्ही वाईट शिकवतो म्हणून नव्हे! व्हिसा तीन वर्षांचा, फार तर आणखी दोन वाढतो, मग जावंच लागतं. पाच वर्षांपूर्वीच्या सुपरिंटेंडंट अजून खुर्चीत असतील तर तो शुभशकुन.

अल्जेब्रा बहुधा मिळेल, पण तासिका एकच असते आणि नेमकी बँडच्या वेळेला. आताच मिडल स्कूलच्या कौन्सिलरला (मुलांचे विषय-तासिका बघणाऱ्या समुपदेशकाला) ईमेल टाका. नाहीच जमलं तर राज्याचे ऑनलाइन वर्ग, व्हर्च्युअल व्हर्जिनिया, आहेत, हायस्कूलला एपीचे (कॉलेजच्या तोडीचे) विषयही तिथून घेता येतात. हायस्कूलमध्ये कम्युनिटी कॉलेजचे ड्युअल एनरोलमेंट वर्ग (शाळेत असतानाच कॉलेजचं क्रेडिट) बघा, ग्रामीण शाळांचं खरं बळ तिथं. शिवाय शेतकी, वेल्डिंग, एफएफए ही शेतकी शिकणाऱ्या मुलांची संघटना. तुमचा मुलगा वासराला घेऊन फेअरमध्ये उभा राहिला तर सासूबाईंना फोटो पाठवा.

जर्सीकर_नाना:
माझी टॅक्स बिलाची ओळ मागे घेतो. डब्याचं काय? आमच्याकडे वरण-भाताच्या डब्यावरून पोरं चिडवायची.

खडूफळा:
नाना, गरीब काउंट्यांत बऱ्याच ठिकाणी केंद्राच्या योजनेतून सगळ्याच मुलांना नाश्ता आणि जेवण फुकट असतं, फॉर्म भरायला लागत नाही. शाकाहारी असाल तर पिझ्झा आणि चीज सँडविचवर दिवस काढावे लागतील.

ओसरी:
खूप आभार. शेवटची शंका: घरची भाषा विचारतात तिथं मराठी लिहावं की नाही? इथल्या मैत्रिणी म्हणतात, लिहिलं की मूल वेगळ्या वर्गात टाकतात. आणि डिसेंबरात महिनाभर पुण्याला जायचा बेत आहे, चालेल ना?

गणितवाली:
मराठीच लिहा, खरं ते. इंग्रजीखेरीज काहीही लिहिलं की एक छोटी चाचणी होते, पास झाल्यावर विषय संपतो. लाउडनमध्ये ती झाली असेल तर निकाल दाखल्यांसोबत जातो, त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. महिन्याचं मात्र सांभाळून. सलग पंधरा शाळेचे दिवस गैरहजर राहिलं की पटावरून नाव काढतात. परत आल्यावर नव्याने प्रवेश, आणि मधल्या काळात ती एकुलती अल्जेब्राची तासिका भरलेली असू शकते. नाताळच्या सुट्टीला चिकटून दीड आठवडा घ्या आणि जायच्या आधी ऑफिसात लेखी कळवा.

ओसरी:
तिकिटं अजून काढली नव्हती. सुट्टीला धरूनच काढते. कौन्सिलरला ईमेल आत्ताच टाकली.