शाळेच्या पैशातून व्हीआर हेडसेट घ्यावेत का?

पाटीपेन्सिल
आमच्या तालुक्यातल्या एका शाळेला सीएसआरचा (कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा) निधी मिळतोय आणि संस्थाचालकांनी ‘व्हीआर लॅब’ काढायचं मनावर घेतलंय. व्हीआर म्हणजे आभासी वास्तव: डोळ्यांवर हेडसेट चढवला की आपण दुसरीकडेच आहोत असं वाटतं. मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. माझं मत: हेडसेट घेऊ नयेत.

हे तंत्रज्ञान शाळेच्या ताब्यात राहत नाही. गूगलने २०१४मध्ये फोन अडकवून डोळ्यांना लावायचा पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आणला, पुढच्या वर्षी त्यावर चालणारं ‘एक्सपिडिशन्स’ ॲप. शिक्षक एका टॅबवरून अख्ख्या वर्गाला समुद्रतळाशी नेऊन आणायचे. २०२१मध्ये ते ॲप बंद झालं आणि त्यावर बसवलेले तास वाया गेले. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स हा हेडसेट २०१६ला आला, २०२४मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. आमचा सूक्ष्मदर्शक माझ्या आधीच्या बाईंच्या काळातला आहे, अजून कांद्याच्या पेशी स्वच्छ दाखवतो.

आणि मुलं शिकतात का? कोपनहेगनच्या संशोधकांनी विद्यापीठातल्या ५२ विद्यार्थ्यांना आभासी प्रयोगशाळेतलं काम संगणकावर आणि हेडसेटमध्ये, दोन्हीकडे करायला दिलं. २०१९च्या शोधनिबंधात निष्कर्ष आहे: हेडसेटमध्ये आपण तिथेच आहोत असं जास्त वाटलं, पण शिकणं कमी झालं. ईईजीने (मेंदूतले विद्युत संकेत टिपून) मोजलेला मेंदूवरचा भारही जास्त होता. दिपून जाण्यातच लक्ष खर्च होतं, असं मला वर्गातही दिसतं.

शल्यक
पूर्ण असहमत. एका अभ्यासावरून सगळं क्षेत्र मोडीत काढू नका. येलचा २००२चा प्रयोग बघा. १६ निवासी डॉक्टर, त्यातल्या निम्म्यांना व्हीआरवर सराव दिला, मग सगळ्यांनी दुर्बिणीतून पित्ताशयाची खरी शस्त्रक्रिया केली. सराव केलेले २९ टक्के लवकर उरकले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलताच भाग भाजण्याची शक्यता पाचपट होती. माणसाच्या पोटात हात घालण्याआधी चुका करायला जागा मिळणं याचं मोल मला रोज कळतं.

पाटीपेन्सिल
@शल्यक, हा अभ्यास मला मान्यच आहे. पण त्यात डोक्यावर काही घातलेलं नव्हतं. समोर साधा पडदा आणि हातात शस्त्रक्रियेच्या अवजारांसारख्या मुठी होत्या. हाताला वळण लागलं ते त्या मुठींमुळे. आठवीतल्या मुलाला हेडसेट घालून ज्वालामुखी दाखवला तर त्याच्या हाताला काय काम मिळतं?

गोदाकाठ
जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, मराठवाड्यात. मुंबईच्या मुलांना नेहरू तारांगण आहे, वरळीचं विज्ञान केंद्र आहे, आणि भरती-ओहोटी शिकायला दादरची चौपाटी आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. भरतीचा धडा ते पाठ करतात, कारण दुसरं काही करण्यासारखं नसतं. फोन आणि पुठ्ठ्याची खोकी यांवर ३६० अंशी व्हिडिओ दाखवले, तर मुलांनी न थांबता प्रश्न विचारले. कोपनहेगनमधलं कमी-जास्त तिथल्या विद्यार्थ्यांचं आहे. त्यांच्याकडे दुसरे मार्ग होते.

समोच्च
भूगोलवाली आहे. तुम्ही सगळे हेडसेटवरच अडलात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने एआरची (खऱ्या वस्तूवर संगणकाचं चित्र पाडणारी) वाळूपेटी तयार केली आहे. पेटीत वाळू, वर प्रोजेक्टर आणि खोली मोजणारा कॅमेरा. ढीग केला की त्यावर रंग आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उमटतात, दरी कोरली की रेषा सरकतात. वर हात पसरून धरला की पाऊस पडतो आणि ‘पाणी’ उताराने वाहत जातं. सॉफ्टवेअर मोफत आहे.

नववी-दहावीच्या मुलांना ‘रेषा जवळ तर उतार तीव्र’ हे तोंडपाठ असतं. पण नकाशात खिंड कुठली आणि सोंड कुठली विचारलं की गप्प. राजगडाच्या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला वाळूत उभा करायला सांगा, रेषा कशा लांबट ओढल्या जातात ते मुलं स्वतः बोलून दाखवतील. पेटीभोवती पाच-सहा जण उभे राहतात, भांडतात, एकमेकांचा डोंगर पाडतात. हेडसेटमध्ये प्रत्येक जण एकटा, आणि त्याला काय दिसतंय ते मला दिसत नाही. शिक्षक म्हणून हे मला सर्वांत जास्त खुपतं.

दोनमुलांचीआई
हेडसेट बनवणाऱ्या मेटा कंपनीची आधी १३ वर्षांखालच्या मुलांना परवानगी नव्हती, २०२३मध्ये मर्यादा १० वर आणली. पडदा डोळ्याजवळ, भिंगामुळे नजर एकाच अंतरावर स्थिर, आणि चित्र मात्र कधी जवळ कधी लांब. या ताणाने मोठ्यांचंही डोकं दुखतं. पालकांना विचारल्याशिवाय हे वर्गात येऊ नये.

गोदाकाठ
विचारा जरूर. थोडा वेळच द्यायचा, हेही मान्य. वाळूपेटी तर मलाही हवी. पण @पाटीपेन्सिल, ‘घेऊ नयेत’ म्हणणं सोपं आहे, त्याऐवजी काय ते सांगा. मुलांना कोकणात न्यायला बसभाडं मिळालं तर मी हेडसेट आजच सोडतो. निधी देणाऱ्यांना मात्र फीत कापता येईल अशी खोली लागते, सहलीला ते पैसे देत नाहीत. तोवर जे मिळतंय ते मी घेणार.

पाटीपेन्सिल
रास्त आहे. मग प्रस्तावातच लिहू: वाळूपेटी, सूक्ष्मदर्शक, दरवर्षी एक किनारा-सहल, आणि व्हिडिओ दाखवायला वर्गात दोन-तीन फोन. हेडसेट नाहीत, हा माझा हट्ट कायम. मसुदा मी करते. तुम्ही आणि @समोच्च खर्चाचे आकडे टाका, संस्थेची सभा जवळ आली आहे.

गोदाकाठ
आकडे देतो. हेडसेटबद्दल आपलं जमणार नाही, पण सहलीची ओळ सगळ्यात वर ठेवा.