वजनाच्या ऑपरेशनला अजून ११ महिने आहेत, हे दिवस कसे काढावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार. बऱ्याच दिवसांपासून इथं नुसतं वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ४१, उंची १५४ सेंटीमीटर, सप्टेंबरात वजन ११२ किलो होतं. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४७. शुगर ९ वर्षांपासून आहे, गुडघे बोलतात, आणि झोपेची तपासणी केली तेव्हा कळलं की झोपेत तासाला ४१ वेळा माझा श्वास अडकतो. ३० च्या वर गेलं की गंभीर धरतात. डॉक्टरांनी स्लीव्ह सुचवली आहे. दुर्बिणीतून जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात.

ऑपरेशन करायचं हे आमचं ठरलेलं आहे. करावं की नको, यावर कृपा करून लिहू नका. मला विचारायचंय ते मधल्या दिवसांचं.

उशीर विम्यामुळं आहे. आमचे हे लातूरच्या आडतीवर मुनीम आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी घरातल्या सगळ्यांची पॉलिसी काढली. फॉर्मवर माझी शुगर खरी लिहिली होती. हे ऑपरेशन विम्यात बसतं. वय १८ च्या वर हवं, बीएमआय ४० च्या वर किंवा ३५ च्या वर असून सोबत झोपेत श्वास अडकणं, औषधानं न आवरणारी शुगर असे आजार हवेत, आणि आधी साधे उपाय करून झालेले असावेत. मी सगळ्यात बसते. पण आधीपासूनच्या आजारासाठी पॉलिसी काढल्यापासून थांबायची मुदत भरावी लागते. ती ४८ महिन्यांपर्यंत असायची, एप्रिल २०२४ पासून ३६ महिन्यांच्या वर ठेवता येत नाही. म्हणून डिसेंबर २०२६ तरी दिसतंय. पदरचे घालून करायचं तर साडेतीन लाख सांगितलेत. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन शेतातच कुजलं, तेव्हा तो विषय घरात कुणी काढत नाही आणि मीही काढू देत नाही.

आता खरं सांगते. तारीख लांब आहे म्हणल्यावर मी खात सुटले.

आत्याबाई मायेनं म्हणाल्या, "खाऊन घे माय, नंतर चमच्या-चमच्यानं खायचंय तुला." जाऊबाई म्हणाल्या, पुढच्या दिवाळीला काय खाशील, आताच करून खा. मलाही ते पटलं. प्रत्येक पदार्थ शेवटचा वाटायला लागला. दसऱ्याचं झालं, दिवाळीचं झालं, आणि मग वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा आमचा येळवशीचा सण, आला. आमच्याकडं लातूर-धाराशिवला येळवस म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. कडब्याची कोप (खोपटं), चुन्यात रंगवलेले पाच पांडव, भाज्या-कडधान्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि बिंदगीतलं (लहान घागरीतलं) गार आंबील. मी कोपीपाशी बसून जेवले आणि जेवताना रडले, कारण पुढच्या येळवशीला आपल्या पोटात दोन घास मावतील असं डोक्यात बसलं होतं. सगळ्यांना वाटलं ठसका लागला. घरी आल्यावर रात्री परत जेवले, भूक नसताना.

जानेवारीत तपासणीला गेले तर ११६ किलो. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ९.४ टक्के. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, यकृतावर चरबी आहे आणि यकृताची डावी बाजू बरोबर जठरावर येते. ते सुजलेलं राहिलं तर दुर्बिणीला जागाच मिळत नाही. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे त्यासाठीच भाकरी-भात कमी असलेला आहार देतात, पण तुम्ही आतापासून ५-६ किलो उतरवा, शुगर ८ च्या खाली आणा, भूल देणाऱ्याला आणि मला दोघांनाही सोपं जाईल. मी मान हलवली आणि बाहेर येऊन यांना म्हणाले, वजन उतरवता आलं असतं तर इथं कशाला आले असते?

माझ्या कामामुळं हे जास्त लागतं, असं वाटतं. दर महिन्याला गावातल्या लेकरांची वजनं मी करते, ॲपमध्ये भरते. दंडाची पट्टी साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेली की लेकरू तीव्र कुपोषित, ते मीच त्याच्या आईला सांगते. काट्यावर ठेवलं की रडणाऱ्या लेकराच्या आईला म्हणते, भ्यायचं नाही बाई, वजन कळलं तर उपाय करता येतो. आणि मी स्वतः त्या काट्याच्या बाजूनं अंग चोरून जाते. आहाराची माहिती सांगायला उभी राहिले की बायांची नजर माझ्या पोटावर असते. कुणी बोलत नाही. बोलायला कशाला पाहिजे?

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा मी माहेरी होते. टँकरवरून दोन घागरी घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढायचे, दिवसातून पाच-सहा खेपा. वजन तेव्हाही ८६ होतं. आता एक बादली उचलली की दारात टेकावं लागतं. डॉक्टर म्हणतात रोज चाला. सकाळी गावातून चालायला निघाले तर लोक पारावरून विचारतात, कुठं निघालात बाई? परत जाताना त्याच माणसांसमोरून जायचं. म्हणून आता अंगणवाडीच्या आवारात, शाळा सुटल्यावर, गेट लावून दहा मिनिटं चालते.

आणि मशीन. श्वासासाठी सीपॅप भाड्यानं घेतलंय, नाकावर मुखवटा लावून झोपायचं. लावते त्या रात्री सकाळी डोकं हलकं असतं, हे कबूल. पण गावात लाईट कधी जाईल नेम नाही. लाईट गेली की घाबरून जाग येते. मग तीन वाजता उठून स्वयंपाकघरात. पुढचं तुम्ही समजून घ्या.

तर विचारायचंय ते असं. ज्यांनी असं महिनोन्‌महिने थांबून ऑपरेशन करून घेतलं, त्यांनी ते "शेवटचं खाणं" कसं थांबवलं? आहारतज्ज्ञांच्या कागदावर ओट्स, ब्रोकोली, पनीर आहे. आमच्या घरात ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. रोजचं ६० ग्रॅमच्या वर प्रोटीन यातून कसं काढायचं? लाईट जाते तिथं मशीनचं काय करता? आणि गावात कुणाला सांगितलं का? माझ्या आईलासुद्धा अजून सांगितलेलं नाही.

—

प्रतिसाद, परभणीहून

ताई, माझ्या बायकोला पण मशीन आहे. आमच्याकडंही लाईटचं तसंच. पाणी भरायची टाकी आणि गरम करायची सोय बंद केली की मशीन फार कमी वीज खातं, मग घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर रात्र निघते. कोरडं वाटलं तर आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. एका कुशीवर झोपा आणि डोक्याकडची बाजू उंच ठेवा, तेवढ्यानंही फरक पडतो. ऑपरेशनच्या वेळी मशीन दवाखान्यात सोबत नेलं होतं, त्यांनीच आणायला सांगितलं.

—

प्रतिसाद, जालन्याहून

तुम्ही लिहू नका म्हणालात तरी लिहितो, राग मानू नका. शरीर कापून घेण्यापेक्षा दोन वेळाच जेवा, रात्रीचं बंद करा. माझं १२ किलो उतरलं.

—

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून

ताई, माझी स्लीव्ह होऊन दोन वर्षं झाली. त्याआधी शुगर आणि थायरॉईड आटोक्यात येईपर्यंत १४ महिने थांबले होते, म्हणून लिहिते.

येळवशीचं वाचून मला माझी हुरडा पार्टी आठवली. मीही रडले होते. तुम्हाला एवढंच सांगते की काहीच शेवटचं नव्हतं. पहिले काही आठवडे पातळ, मग मऊ, असं करत सगळं परत येतं. आज मी अर्धी भाकरी आणि वाटीभर पिठलं खाते आणि खरंच पोट भरतं. आंबील प्या, पुढच्या वर्षी नाही तर त्याच्या पुढच्या. शेतही तिथंच आहे, बिंदगीही.

प्रोटीनसाठी ओट्स नकोत. मटकी, हुलगे, मूग, हरभरा यांच्या उसळी, दोन-तीन अंडी (एका अंड्यात ६ ग्रॅम), घट्ट दही, आणि किराणा दुकानात मिळतात ते सोयाबीनचे वडे, त्यांच्या १०० ग्रॅममध्ये ५० च्या आसपास प्रोटीन असतं. लातूरच्या माणसाला सोयाबीन मी काय सांगावं! फक्त पद्धत बदला. ताटात आधी उसळ, मग भाजी, भाकरी शेवटी. शेंगदाण्याची चटणी चमच्यानं मोजून, तिच्यात तेल फार असतं. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं. घास बारीक चावायचा. हे नंतर करावंच लागतं, आता सवय लावली तर ऑपरेशननंतरचे पहिले महिने सोपे जातात. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि सुरुवातीला उलट्यांनी बेजार झाले. गोळ्या चालू आहेत ना शुगरच्या? मग जेवण कमी करायच्या आधी डॉक्टरांना सांगा, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

बी १२, ड जीवनसत्त्व, लोह आताच तपासून घ्या. कमी असेल तर ११ महिन्यांत भरून निघेल. नंतर गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत. तिसऱ्या महिन्याच्या पुढं केस गळतात, तेव्हा घाबरू नका, माझे परत आले.

आणि कागद जपा. पॉलिसीचा हप्ता एक दिवसही चुकवू नका. आधी साधे उपाय केले हे दाखवावं लागतं, म्हणून प्रत्येक भेटीचा कागद, आहाराचा कागद, महिन्याचं वजन तारखेसकट वहीत ठेवा. माझ्या वेळी तीच वही कामाला आली.

रात्री तीन वाजता फारच वाटलं तर १४४१६ ला फोन करा. सरकारची टेलिमानस, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी दोनदा केला होता.

—

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लाईट, संक्रांत आणि मीटिंगा यात गेले, म्हणून उशीर.

परभणीचे भाऊ, टाकी काढून मशीन इन्व्हर्टरवर लावलं. परवा रात्री दोन वेळा लाईट गेली आणि मला सकाळी यांच्याकडून कळलं.

जालन्याचे भाऊ, राग नाही. तुमचं उतरलं याचा आनंद आहे. माझंही २०१९ मध्ये १४ किलो उतरलं होतं, दीड वर्षात १८ परत आलं. डॉक्टरांनी समजावलं की वजन उतरलं की शरीर भुकेचं हार्मोन वाढवतं, आणि ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तोच भाग निघतो. हे कळलं त्या दिवशी मी स्वतःला आळशी म्हणणं सोडलं. ते वजन उतरवायचं इंजेक्शन आलंय, तेही विचारून झालं. महिन्याचा खर्च आमच्या आवाक्यातला नाही.

संभाजीनगरच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मला वाटलं तुला आता कायमचं उपाशी ठेवणार." त्यांना तीच भीती होती, म्हणून खाऊ घालत होत्या. हे मला तीन महिन्यांत कळलं नव्हतं. काल हुलग्याचं माडगं त्यांनीच केलं. संक्रांतीला तीळगूळ अर्धा खाल्ला, अर्धा ठेवून दिला, आणि तो अजून डब्यात आहे.

आईला सांगितलं. ती येते म्हणाली, डिसेंबरात, महिनाभर.

आज लेकरांची वजनं होती. शेवटचं लेकरू गेल्यावर मदतनीस बाईंना म्हणाले, काटा उचलू नका. ११५.३. नवीन वहीत पहिल्या पानावर तारखेसकट लिहिलंय. त्या बाई काही बोलल्या नाहीत, फक्त आकडा नीट दिसतो का म्हणून वाकून बघून दिला.

एक राहिलं. ते फुप्फुसांच्या व्यायामाचं, तीन चेंडूंचं श्वास आत ओढायचं यंत्र आतापासून आणावं का, का ऑपरेशन जवळ आल्यावर? कुणी वापरलं असेल तर सांगा.